चिंचझरीच्या मडक्यातली काळी रेती

१२ सप्टेंबर १९८३, सोमवार

दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल चालू असताना एक गृहस्थ सरळ प्रयोगशाळेत शिरले. धोतर, काळी टोपी, हातात खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी. मुलांनी मांडून ठेवलेले दगड कोपराने बाजूला सारले आणि पिशवी टेबलावर उलटी केली. खापरंच खापरं. मी म्हटलं, अहो, हे काय चाललंय? तर म्हणाले, “रोम हाय सर, रोम! जरा सावकाश हात लावा.”

हे अण्णाजी भोयर. आष्टी तालुक्यातल्या चिंचझरीच्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. गावाला लागून नदीकाठी जुन्या वस्तीचं एक पांढरीचं टेकाड आहे. तिथं नांगराला जे लागेल ते हे तीस वर्षं गोळा करत आले आहेत. त्यांचं म्हणणं, दोन हजार वर्षांपूर्वी रोमचे व्यापारी दारूचे रांजण घेऊन थेट चिंचझरीपर्यंत येत. पुरावा म्हणून रांजणाचा एक कान, म्हणजे धरायची मूठ, दाखवला. मनगटाएवढा जाड, पिवळट लाल, आत काळे बारीक ठिपके. दुसरा पुरावा म्हणून एक वरवंटा दाखवला. असाच वरवंटा सेलूला आमच्या घरी आहे, असं मी सांगितलं. “मंग तुमच्याकडंबी ते आले असतीन,” म्हणाले. मुलं फिदीफिदी हसली. प्रॅक्टिकलचा बट्ट्याबोळ.

खरी गोष्ट अशी आहे. गावाच्या खाली धरण होत आलंय. पुढच्या पावसाळ्यात दारं लागली की चिंचझरी आणि टेकाड दोन्ही पाण्यात. गावाला दुसरीकडे जागा मिळाली. टेकाडाचं काय, म्हणून अण्णाजी नागपूरला पुरातत्त्ववाल्या साहेबांकडे खेटे घालत होते. शेवटी साहेबांनी सांगितलं की, यातलं एक तरी खापर परदेशी मातीचं आहे असं शास्त्रीय तपासणीतून लेखी आणा, पाणी यायच्या आत खोदकाम लावतो. नाही तर अशी टेकाडं जिल्ह्यात शंभर आहेत. मातीतली खनिजं ओळखण्याचा मायक्रोस्कोप आमच्या विभागात आहे, त्याची किल्ली माझ्याकडे आहे. म्हणून ही वरात माझ्या दारी.

विभागप्रमुख डॉ. हरकरे यांना विचारलं. ते म्हणाले, “करा की, उमाटे. तुमच्या नावावर एक स्वतंत्र काम होईल. येत्या वर्षी जागा भरायची आहे, समितीपुढे काहीतरी ठेवायला हवं.” मी नऊ वर्षं डेमॉन्स्ट्रेटर आहे. माझ्या हाताखालून गेलेली दोन पोरं आज लेक्चरर आहेत. करतो म्हटलं.

१८ सप्टेंबर, रविवार

हरकरे सरांनी एका इंग्रजी नियतकालिकातला लेख दिला. खापराचा पातळ काप काढायचा, काचेवर चिकटवायचा, घासून घासून इतका पातळ करायचा की उजेड आरपार जावा. मग मायक्रोस्कोपखाली मातीतल्या रेतीचे कण पाहायचे आणि अशी रेती कुठल्या मुलखात मिळते ते शोधायचं. पद्धत सोपी आहे. दगडाचे काप मी रोजच काढतो, मडक्याचा दगडापेक्षा काय वेगळा असणार.

लेखात लिहिलंय की, इटलीतल्या एका भागातल्या रांजणांची खूण म्हणजे काळी रेती. तिथल्या ज्वालामुखीची. तिच्यात ऑजाइट नावाचं खनिज असतं. हे वाचलं आणि मी मोठ्याने हसलो. सुलोचना स्वयंपाकघरातून विचारायला आली, काय झालं म्हणून. तिला सांगितलं, अगं, ऑजाइट! आपला अख्खा जिल्हा ऑजाइटवर बसलाय. रस्त्याची गिट्टी, विहिरीचा कठडा, तुझा पाटा, सगळा तोच काळा दगड. गोऱ्याला ऑजाइट दिसला की इटली आठवते. मला सेलूचं आमचं वावर आठवतं, जिथं वखराला दर हाताला ठेच लागायची.

पुढची पानं वाचायची गरज वाटली नाही. इंग्रजीही किचकट होतं.

२३ ऑक्टोबर, रविवार

चिंचझरीला जाऊन आलो. तळेगावला एसटीतून उतरलो तर अण्णाजी दोन सायकली घेऊन हजर. चार मैल त्यांचं तोंड बंद नव्हतं. टेकाड पाहिलं. पांढरी माती, वर बाभळी, नदीच्या बाजूने कापलेला कडा. कड्यात विटांची एक ओळ दिसते, हे खरं आहे. जुनी वस्ती आहे, यात वाद नाही. वाद रोमचा आहे.

तुलनेसाठी मला नदीची रेती आणि गावच्या कुंभाराची माती हवी होती. कुंभारकाम इथं शकुबाई नावाची म्हातारी करते. दिवाळीच्या पणत्या वाळत घातल्या होत्या, अंगणात पाय ठेवायला जागा नाही. माती देताना तिची नजर अण्णाजींच्या हातातल्या कानाकडे गेली. “पाहू मास्तर,” म्हणाली. अण्णाजी म्हणाले, “हे तीस वर्षांत तू पाह्यलं नाई काय?” ती म्हणाली, “तुमी हातात देल्लं कवा?”

तिने तुटक्या बाजूवर थुंकी लावली, अंगठ्याने चोळलं, वास घेतला. मग म्हणाली, “हे आमच्या हातचं नाई. आमच्या मातीत लीद अन् राख पडते. ह्यात काळी रेती घातली हाय बाप्पा. काळी रेती कुंभार घालत नाई.”

मी विचारलं, का नाही?

“काऊन म्हणजे? चाकावर हात सोलून निंगते ना. पाह्यजो कधी बसून.”

अण्णाजींनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू खटला जिंकला. मी त्यांना समजावलं, आजचे कुंभार घालत नसतील. दोन हजार वर्षांपूर्वी काय घालत होते ते शकुबाईंना काय ठाऊक? शकुबाई म्हणाली, “हात तं तवाबी हातच असतीन.” गमतीशीर बाई आहे. पणत्या घ्या म्हणाली, मी बारा घेतल्या.

जेवण अण्णाजींकडे. गोळाभात, वर फोडणीचं तेल. अप्रतिम. त्यांच्या पत्नी विमलाबाई हळूच म्हणाल्या, “सर, ह्यायले काही तरी चांगलं सांगा. गाव उठून राह्यलं ह्याचं ह्यायले काही नाई, त्या टेकाडाचंच लागून राह्यलं. झोप नाई.” मी म्हटलं, निघेल ते सांगीन. शास्त्रात चांगलं-वाईट नसतं. त्यांनी आणखी एक गोळा वाढला.

८ नोव्हेंबर, मंगळवार

दिवाळीची सुट्टी, कॉलेज रिकामं. कामाला बरं.

एकूण बारा खापरांचे काप झाले. अकरांत काही नाही. कोळशाचा भुसा, गवताच्या पोकळ्या, इथलीच माती. बारावा तो कान. आत ऑजाइट खच्चून भरलाय. म्हणजे काळी रेती खरी आहे, आणि काळी रेती म्हणजे आपली. नदीच्या रेतीची स्लाइड शेजारी ठेवली, तिच्यातही ऑजाइट. झालं.

दोन किरकोळ गोष्टी नोंदवून ठेवतो. कानातला ऑजाइट जरा हिरवट वाटला. आपला तपकिरी असतो. भट्टीत भाजल्यामुळे रंग बदलला असेल. दुसरं, आपल्या काळ्या दगडातल्या फेल्डस्पार या पांढऱ्या खनिजाच्या कणांवर बारीक पट्टे दिसतात, लुगड्याच्या काठासारखे. पहिल्या वर्षाची पोरंही तेवढं ओळखतात. या कानात फेल्डस्पार आहे पण पट्टे दिसले नाहीत. काप जास्त घासला गेला असणार. पुन्हा करावा का असं एकदा मनात आलं. पण कापण्याची चकती बोथट झालीय, मुंबईहून नवीन यायची आहे. शिवाय उत्तर बदलणार नाही.

१९ नोव्हेंबर, शनिवार

अहवाल टाइप करून झाला. दीड पान. शेवटचं वाक्य: ‘सर्व बारा नमुने स्थानिक मातीचे व स्थानिक रेतीचे असून परदेशी असल्याचा कोणताही पुरावा आढळला नाही.’ वाक्य चांगलं जमलं.

हरकरे सरांनी विचारलं, “सगळं नीट पाहिलंत ना?” हो म्हटलं. त्यांनी सही केली आणि मायक्रोस्कोपकडे न बघता म्हणाले, “छान. आपली माणसं उगाच रोम-ग्रीस करत बसतात. कोणीतरी स्पष्ट लिहायला हवंच होतं.” त्यांना हे काम मनापासून आवडलंय. समितीपुढे स्वतः मांडतील.

सुलोचनाला वाचून दाखवला. ती म्हणाली, “त्या मास्तरांचं कसं होईन मंग?” मी म्हटलं, मास्तरांसाठी दगड बदलत नाहीत. फार कडक बोललो बहुतेक. तिने रेडिओ लावला.

११ डिसेंबर, रविवार

अण्णाजी घरी आले. साहेबांचं पत्र त्यांना मिळालंय: अहवाल पाहता खोदकामाचं प्रयोजन नाही. मला वाटलं होतं तणतणतील, वाद घालतील. मी उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. पाटावर बसले आणि म्हणाले, “सर, मी मूर्ख ठरलो त्याचं काही नाई. पोट्ट्यायले तीस वर्षं खोटं शिकवलं, त्याचं वाईट वाटते.” चौथीच्या मुलांना ते दर वर्षी टेकाडावर नेऊन रोमच्या जहाजाची गोष्ट सांगत. मुलं जहाज व्हायची, एक जण वारा व्हायचा.

मी म्हटलं, अहो, स्थानिक असलं म्हणून काय कमी? आपल्याच पूर्वजांनी केलेलं आहे. ते म्हणाले, “हो, तेबी हायच.” डोळे पुसले की चष्मा पुसला, कळलं नाही. येताना एक टोपली संत्री आणली होती, ती ठेवून गेले. कानाचा उरलेला तुकडा परत देत होतो, तर “राहू द्या तुमच्याकडंच, पोट्ट्यायले शिकवाले कामी येईन,” म्हणाले. बाकी खापरं घेऊन गेले.

संत्री गोड निघाली.

१४ फेब्रुवारी १९८४, मंगळवार

आज काय झालं ते क्रमाने लिहितो.

पूर्वपरीक्षेचं प्रॅक्टिकल. पाच स्लाइड, ओळखा आणि कारण द्या. चार नंबरला आपला काळा दगड. बाकी सगळ्यांनी बरोबर लिहिलं. समुद्रपूरकडची मेश्राम नावाची मुलगी आहे, तिने लिहिलं: ‘काळा दगड नाही. फेल्डस्पारवर पट्टे नाहीत, ऑजाइट हिरवा.’ मी लाल शाईने शून्य दिलं आणि तिला सगळ्यांदेखत म्हटलं, अगं, आपल्या दाराशी पडलेला दगड ओळखता येत नाही, कमाल आहे! ती उभी राहिली. म्हणाली, “सर, तुमीच सांगतलं होतं, पट्टे नसन तं आपला दगड नाई म्हणून.”

मी डोळा लावला. पट्टे नव्हते.

स्लाइडच्या पाठीमागे मडक्याचा लाल रंग दिसत होता. ती कानाची स्लाइड होती. चिठ्ठी गळून पडली असणार, आणि मी परीक्षेच्या स्लाइड काढताना एक नजर टाकून काळा दगड म्हणून चार नंबरला लावली. नोव्हेंबरात केलं तेच पुन्हा केलं.

मुलांना लवकर सोडलं. नवी चकती आली आहे. उरलेल्या तुकड्याचा दुसरा काप काढला, जाडी तीनदा मोजली. पाच वाजेपर्यंत तेच. पट्टे नाहीत. ऑजाइट हिरवा, स्वच्छ हिरवा. मधे ज्वालामुखीच्या काचेचे बारीक कण, जे आपल्या नदीच्या रेतीत मी कधीच पाहिलेले नाहीत. मग कपाटातून तो लेख काढला आणि पान उलटलं. दुसऱ्याच परिच्छेदात लिहिलंय: ऑजाइट कुठेही सापडतो, इटलीची ओळख म्हणजे त्याच्याबरोबरचा बिनपट्ट्यांचा फेल्डस्पार. सोबत फोटो. माझी स्लाइड आणि तो फोटो शेजारी ठेवले तर कुठला कोणता, सांगता येत नव्हतं.

तो कान इटलीचा आहे. अण्णाजींचं खरं होतं. परका माणूस असता तर फसला नसता. मीच या दगडात जन्मलो म्हणून फसलो.

मेश्रामला पाचपैकी पाच गुण दिले. ते आजच्या आज दुरुस्त केलं, बरं वाटलं.

१५ फेब्रुवारी, बुधवार

सुलोचनाला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “मंग लिहून टाका ना साहेबाले. अजून चार महिने हायत.”

तिला समजावलं. हरकरे सरांची सही आहे. इंटरव्ह्यू १० मार्चला आहे आणि तोच अहवाल सर समितीपुढे ठेवणार. आज मीच तो चुकीचा म्हटला तर माझं सोड, सरांचं काय? इंटरव्ह्यू झाला की त्याच दिवशी लिहितो. खोदकामाला मार्च, एप्रिल, मे पुरेत. तीन आठवड्यांनी काही बिघडत नाही.

ती तांदूळ निवडत राहिली. म्हणजे तिला पटलं.

९ मार्च, शुक्रवार

इंटरव्ह्यू पुढे ढकलला. विद्यापीठाचे तज्ज्ञ आजारी. नवी तारीख एप्रिलमध्ये.

पत्राचा मसुदा करून ठेवला आहे. चांगला झालाय, चूक स्पष्ट कबूल केली आहे. फक्त तारीख टाकायची.

२७ मार्च, मंगळवार

सेलूला जाऊन आलो. गहू निघाला. वावरात उभा राहून एक दगड उचलला आणि उगाच बराच वेळ पाहत राहिलो. आई म्हणाली, “काऊन रे, काही हरपलं काय?” नाही म्हटलं.

१९ एप्रिल, गुरुवार

इंटरव्ह्यू पुन्हा पुढे. आता जूनमध्ये, सुट्टीनंतर.

अण्णाजींचं पोस्टकार्ड आलं. हेडमास्तरांचं अक्षर, एकही ओळ वाकडी नाही. जसंच्या तसं उतरवतो:

‘सा. न. वि. वि. गावाचे स्थलांतर सुरू झाले आहे. आमचे घर काल उतरवले. दारे-खिडक्या व छताचे फाटे बैलगाडीने नवीन जागी नेले. नवीन घर दोन खोल्यांचे आहे. खापरे ठेवण्यास जागा नाही. ती ज्या टेकाडाची त्या टेकाडात काल विधिवत परत पुरली. आपण म्हणालात तसे ती आपल्याच पूर्वजांची आहेत, तेव्हा त्यांच्याजवळच असावीत. सौ. वहिनींना नमस्कार. उन्हात फिरू नये.’

कार्ड सुलोचनाने आधी वाचलं होतं. टेबलावर मसुद्याच्या वहीवर ठेवलं होतं.

पुरलेली खापरं वर काढता येतात. त्यात कायमचं असं काही नाही.

६ मे, रविवार

ऊन फार. कूलरचं गवत बदललं. सुलोचना माहेरी गेली आहे, गिरडला. नेहमी पंधरा दिवसांसाठी जाते, यंदा कॉलेज उघडेपर्यंत राहते म्हणाली. जाताना एवढंच म्हणाली की, पोस्टाची पाकिटं डाव्या ड्रॉवरमध्ये आहेत.

तसं पाहिलं तर मे महिन्यात खोदकाम कोण करतं? एवढ्या उन्हात मजूर मिळत नाहीत. आता पत्र गेलं तरी फरक पडेल असं वाटत नाही. मात्र हे मी फेब्रुवारीत म्हणू शकलो नसतो, हेही खरं.

१८ जून, सोमवार

इंटरव्ह्यू झाला. सात मिनिटं. हरकरे सरांनी अहवाल पुढे ठेवला. तज्ज्ञांनी चाळला आणि विचारलं, “हे फेल्डस्पारचं तुम्ही कशावरून ठरवलंत?” मी म्हटलं, पट्ट्यांवरून. ते म्हणाले, “बरोबर.” पुढचा प्रश्न विद्यार्थिसंख्येचा होता.

बाहेर आल्यावर पाणी प्यायलो. भीती वाटायला हवी होती ती वाटली नाही, त्याचंच आश्चर्य वाटतंय.

२ जुलै, सोमवार

नेमणुकीचं पत्र हातात आलं. लेक्चरर, भूशास्त्र. स्टाफरूममध्ये पेढे वाटले. हरकरे सर म्हणाले, “नऊ वर्षांनी का होईना, न्याय झाला.”

३ जुलै, मंगळवार

साहेबांना पत्र पाठवलं. रजिस्टर्ड. मसुद्यातली ‘फेब्रुवारीत फेरतपासणी करता’ ही शब्दयोजना काढून ‘अलीकडेच’ केलं. पत्राची प्रत हरकरे सरांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली. मग म्हणाले, “बरं झालं, आता पाठवलंत.” ‘आता’ या शब्दावर त्यांनी जोर दिला असं मला वाटलं. दिला नसेलही.

२८ जुलै, शनिवार

उत्तर आलं. दोन ओळी. ‘आपले पत्र मिळाले. सदर ठिकाण दि. ११ पासून जलाशयाखाली आहे. माहितीची नोंद घेतली.’

पाऊस यंदा वेळेवर झाला. एरवी आपण म्हणतो, वेळेवर झाला की बरं.

१९ ऑगस्ट, रविवार

अण्णाजींना समक्ष सांगायला हवं, असं सुलोचना म्हणाली. गिरडहून आल्यापासून तिने काढलेला हा एकच विषय. नव्या चिंचझरीला गेलो. स्लाइड आणि तो लेख बरोबर घेतला.

नवी वस्ती माळावर आहे. सरळ रस्ते, एकसारख्या दोन-दोन खोल्या, झाड एक नाही. अण्णाजींचं घर विचारलं तर एका बाईने बोट दाखवलं, “ते काय, बोर्ड लावला हाय.” दारावरच्या पाटीवर खडूने ‘वाचनालय’ लिहिलं होतं. आत बाज, ट्रंक आणि वर्तमानपत्रांची चळत. अण्णाजी बारीक झालेत. मला पाहून एवढे हरखले की चष्मा सापडेना. विमलाबाईंनी पाणी दिलं आणि दाराशी उभ्या राहिल्या.

मी आडवळण न घेता सांगितलं. अण्णाजी, माझी चूक झाली. तो कान परदेशी आहे. इटलीचा. तुमचं बरोबर होतं.

त्यांनी चष्मा शोधून नाकावर चढवला. मग म्हणाले, “पुन्हा सांगा.” मी पुन्हा सांगितलं. स्लाइड दाखवली, त्यांनी ती दारात नेऊन उन्हात धरली. डोळ्यांनी त्यात काही दिसत नाही, तांबूस डाग तेवढा दिसतो. पण ते पाहतच राहिले. मग रस्त्यावर गेले आणि ओरडू लागले, “अवो शकुबाई! ओ महादेवराव! या इकडं, या! रोमचंच निंगलं!” त्यांना असं ओरडताना मी कधी पाहिलं नव्हतं. आठ-दहा माणसं जमली. शकुबाई काठी टेकत आली. तिला इथं चाकावर घालायला माती मिळत नाही, ती आता शेतात निंदायला जाते. तिने ऐकलं आणि एवढंच म्हणाली, “मी तं म्हणलंच होतं.” सगळे हसले. मीही हसलो.

महादेवराव म्हणाले, “मंग आता खोदतीन काय सरकारवाले?” कोणी तरी म्हणालं, कुठं खोदतीन, पन्नास फूट पाणी हाय तिथं. अण्णाजी मात्र खुशीत होते. म्हणाले, “पाण्याचं जाऊ द्या. पोट्ट्यायले खोटं नाई शिकवलं मी. एवढं तं झालं!” आणि त्यांना हुंदका आला, चारचौघांत, उघडउघड. मला तिथून उठून पळावंसं वाटलं. इतकी लाज मला आयुष्यात वाटलेली नाही.

माणसं पांगली. आम्ही दोघेच उरलो, विमलाबाई दारात. अण्णाजी स्लाइड रुमालात गुंडाळत म्हणाले, “कवा समजलं सर तुम्हाले हे?”

विचारण्यात काही नव्हतं. सहज विचारलं. विमलाबाई माझ्याकडे पाहत होत्या.

मी म्हणालो, “जुलैत.”

“मंग काय करता,” अण्णाजी म्हणाले. “तवा तं पाणी आलंच होतं. तुमचा काही दोष नाई त्यात. उलट एवढ्या दूर सांगाले आले, कोण येते?” माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत वळून म्हणाले, “अवो, सरायले चहा टाका. दूध जास्त टाकजा.”

विमलाबाईंनी चहा आणला. मी घेतला. त्यांनी आणखी विचारलं, मी आणखी घेतला.